स्वस्त वीज रात्रीची दुपारी कशी आली?

रात्रीचं युनिट आणि संध्याकाळचं युनिट, दोन्हींनी पाणी सारखंच तापतं. मग दर वेगळा का? कारण वीज साठवून ठेवणं महागात पडतं. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. 19व्या शतकाच्या अखेरीस वीज मुख्यतः दिव्यांसाठी लागे. अंधार पडला की सगळीकडचे दिवे एकदम लागत. त्या दोन-चार तासांसाठी उभारलेली यंत्रं बाकीचा दिवस रिकामी राहत आणि त्यांचा खर्च मात्र चालूच असे.

1892 मध्ये इंग्लंडच्या जॉन हॉपकिन्सन यांनी हाच खर्च बिलात वेगळा दाखवायला सुचवलं. ब्रायटनच्या आर्थर राइट यांनी ग्राहकाची कमाल मागणी, म्हणजे त्यानं एका वेळी ओढलेली जास्तीत जास्त वीज, टिपणारा मीटर बनवला. माझ्या मते पाया इथेच घातला गेला, पण एक मोठी उणीव राहिली: त्या मीटरला वेळ कळत नव्हती. मध्यरात्री भार वाढवणाराही ऐन गर्दीच्या तासांत वाढवणाऱ्याइतकाच आकार भरी.

घड्याळ दरात आलं ते पुढे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीत मार्सेल ब्वातो यांनी वेळेनुसार दराचं गणित बसवलं. तिथली युक्ती मला फार आवडते. घरात येणाऱ्या 50 हर्ट्झच्या विजेवरच 175 हर्ट्झचा संकेत सोडायचा. तो मिळाला की रिले, म्हणजे संकेतावर चालणारा स्विच, टक्‌ करून जुळतो आणि पाण्याचा हिटर आपोआप सुरू होतो. सकाळी पाणी गरम, आणि कुणाला रात्री उठावं लागत नाही. ब्रिटनमध्ये 1978 पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ योजनेत रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळू लागली. त्या तासांत हिटरमधल्या जड विटा तापवून ठेवायच्या, आणि त्यांची ऊब दिवसभर पुरवायची.

मग सौरऊर्जा वाढली. कॅलिफोर्नियाच्या ग्रीड संचालकांनी 2013 मध्ये बदकासारखा दिसणारा आलेख मांडला: दुपारी इतर वीजकेंद्रांवरचा भार खोल उतरतो आणि सूर्य मावळताच झपाट्याने चढतो. त्यामुळे ‘स्वस्त म्हणजे रात्रच’ हे आता सगळीकडे खरं नाही. मशीन, पंप किंवा गाडीच्या चार्जिंगचा टायमर लावण्याआधी आपल्या दरपत्रकातले तास बघावेतच. फ्रान्समध्येही नोव्हेंबर 2025 पासून अनेक ग्राहकांचे काही स्वस्त तास रात्रीतून काढून दुपारी आणायला सुरुवात झाली आहे.