कंडरादुखापतीनंतर घोडा कामाला लावणे (कोकण किनारा)

कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) किंवा अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) दुखावलेल्या घोड्याला विश्रांतीनंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा स्वारीला वा गाडीला घेण्याची पद्धत. किनाऱ्यावर घोडा मुख्यतः पर्यटनाच्या कामाचा : अलिबाग, काशीद, मुरूड येथील पुळणीवरची रपेट आणि ओहोटीच्या वेळी अलिबागसमोरच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्याकडे जाणारी घोडागाडी.

दुखापत बहुधा पुढच्या पायात, गुडघ्याखाली नळीच्या मागून जाणाऱ्या बाहेरच्या आकुंचक कंडरेत किंवा हाडालगतच्या आधार-अस्थिबंधात होते. फाटलेल्या जागी आरंभी तिसऱ्या प्रकारचे कोलॅजन (तंतुमय प्रथिन) अस्ताव्यस्त साठते. पहिल्या प्रकारचे, बळकट कोलॅजन त्याची जागा सावकाश घेते आणि मूळची लवचिकता पूर्ण परतत नाही. सूज व लंगडणे काही आठवड्यांत ओसरते, तंतूंची फेरमांडणी मात्र वर्षभर किंवा त्याहून अधिक चालते. घोडा पुन्हा दुखावतो तो बहुधा या मधल्या काळात, दिसायला बरा असताना.

डाग : तापलेल्या लोखंडाने कंडरेवर डागणे हा जुना उपाय. सुश्रुतसंहितेत (काळ विवाद्य) स्नायू व सांध्यांच्या तीव्र वेदनेवर अग्निकर्म सांगितले आहे, ते माणसासाठी. शालिहोत्राच्या नावावर चालणाऱ्या अश्ववैद्यकाचा काळही निश्चित नाही. दुसरीकडे अरबांतही डागण्याची परंपरा जुनी असून, चौल व दाभोळ या बंदरांत अरबस्तान-इराणचे घोडे उतरत. रशियन प्रवासी निकितीन होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला तो सु. १४६९ मध्ये (दुसऱ्या गणनेनुसार १४७१). कोकण किनाऱ्यावर डागण्याची रीत कोठून आली हे पाहता हा दुसरा, अरबी मार्ग अधिक संभाव्य वाटतो, तरी दोन्ही परंपरा मिसळल्या असणे अशक्य नाही. डागण्याचा उपयोग नाही याबद्दल मात्र फारसा संशय उरलेला नाही : १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल येथील अभ्यासात डागण्याने कंडरा लवकर किंवा अधिक चांगली भरून येत असल्याचे आढळले नाही. डागलेला घोडा बरा होतो तो सक्तीच्या विश्रांतीमुळे, हे मत ग्राह्य दिसते.

क्रम : पहिले दोन दिवस बर्फ किंवा थंड पाणी, एका वेळी सु. २० मिनिटे, दिवसातून अनेकदा. पायाला पट्टी आणि तबेल्यात विश्रांती. पुढे हाती धरून सपाट जागी रोज ५–१० मिनिटे कदमचाल, त्यात साधारण दर आठवड्याला ५ मिनिटांची भर. दुडकी (कदमचालीच्या पुढची, हलक्या धावेची चाल) सु. तीन महिन्यांनंतर, तीही सोनोग्राफीत तंतू जुळत असल्याचे दिसल्यावर. कंडरा पुन्हा जाड दिसली तर मागच्या टप्प्यावर यावे. मोठ्या दुखापतीत पूर्ण कामाला ९ ते १२ महिने, कधी त्याहून जास्त लागतात.

पुळण मऊ, म्हणून पायाला सोपी, हा समज सर्वत्र आहे. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाऊल रुतते, स्नायू लवकर थकतात. थकल्यावर खुरावरचा सांधा अधिक खाली दबतो आणि तो ताण कंडरेवरच येतो. आरंभीच्या कदमचालीला ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू बरी. किनारा पाण्याकडे उतरता असल्याने एकाच बाजूचे पाय सतत खालच्या अंगाला पडू नयेत, यासाठी जाऊन-येऊन दोन्ही दिशांनी चालवावे. उथळ पाण्यात उभे करणे थंडाव्यासाठी उपयुक्त. लाटांत चालवणे मात्र तळ दिसत नसल्याने जोखमीचे. कुलाब्याची वाट पाण्याची व खडकाळ, म्हणून ती सर्वांत शेवटी.

पावसाळ्यात किनाऱ्यावरचे काम बहुतांशी थांबते आणि ही सुटीच विश्रांती म्हणून धरली जाते. हिशेब दोन्ही अंगांनी चुकतो : चार महिने मोठ्या दुखापतीला पुरत नाहीत, शिवाय नुसता बांधून ठेवलेला घोडा दिवाळीत थेट स्वारीला घेतल्यास कंडरेला चढत्या भाराची सवय झालेली नसते. चिखल आणि शेवाळलेला जांभा यांमुळे पावसात चालवणे अवघड. थोडी कोरडी, सपाट, छपराखालची जागा असल्यास रोजची कदमचाल चुकत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी नालबंदाकडून खूर पाहून घ्यावेत. खुराचे टोक लांब व टाच बुटकी असल्यास पाऊल उचलताना पायाच्या मागच्या बाजूवर ताण वाढतो.