काजू कोकणात फोडला की कोकणात पिकला?

दर मे महिन्यात आमच्याकडे हाच प्रसंग घडतो. मुंबई-पुण्याचे पाहुणे मालवणच्या बाजारातून काजूची पाकिटं घेऊन येतात आणि समाधानानं सांगतात, "इथलेच आहेत हो, दुकानदाराला विचारून घेतले." इथल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत ही त्यांची इच्छा अगदी मनापासूनची असते. फक्त विचारलेला प्रश्न चुकलेला असतो.

आंब्याचं मी सांगत बसत नाही. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतात हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हापूसचं २०१८ चं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. लोक पेटी उघडून बघतात, वास घेतात, ओळखीचा बागायतदार गाठतात. पण आंब्यावर शिकलेली ही हुशारी काजूपाशी उपयोगी पडत नाही. आंब्यात कुणीतरी खोटं बोललेलं असतं. काजूत कुणीच खोटं बोलत नाही, आणि तरीही तुमच्या पाकिटातला काजू बेनिन किंवा आयव्हरी कोस्टच्या झाडावरचा असू शकतो.

कारण काजूला दोन गावं असतात. एक गाव बी पिकण्याचं, दुसरं ती बी फोडून गर काढण्याचं. आंबा झाडावरून उतरला की पेटीत जातो. काजूची बी मात्र वाळवली की महिनोन्‌महिने टिकते, पोत्यात भरून जहाजानं कुठूनही कुठंही नेता येते. आपल्या देशातल्या कारखान्यांना लागते तेवढी बी देशात पिकत नाही, म्हणून आफ्रिकेतून ती मोठ्या प्रमाणावर येते. त्यातली काही सिंधुदुर्गातल्या कारखान्यांतही पोचते. तिथे ती वाफवतात, फोडतात, साल काढतात, प्रतवारी करतात आणि पाकिटात भरतात. आता दुकानदाराला "काजू कोकणातला ना?" असं विचारलंत तर तो कारखान्याचा विचार करून "हो" म्हणणारच, आणि ते खरंच असतं. पाकिटावरचा पत्ताही खरा असतो. पण तो पत्ता फोडणाऱ्याचा असतो, पिकवणाऱ्याचा नव्हे.

म्हणून विचारायचं ते एवढंच: "बी कुठची?"

हा शब्दांचा कीस नाही. फेब्रुवारी ते मे या काळात शेतकरी बी घेऊन व्यापाऱ्याच्या काट्यापाशी उभा असतो. त्या वेळी त्याला ऐकवलं जातं की बाहेरची बी स्वस्त पडते, द्यायची तर या भावात दे. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचं आयात शुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. २०२४ च्या हंगामासाठी राज्य सरकारनं बीवर किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं, यावरूनच शेतकऱ्याची अवस्था कळावी. भाव पडला की बेणणी, म्हणजे बागेतलं रान काढणं, आणि बी वेचणं यांची मजुरीसुद्धा सुटत नाही. मग बागेत कुणी फिरकत नाही, रान माजतं, आणि एक दिवस डोंगरउताराचा तो तुकडा प्लॉटसाठी विकला जातो. काजूचं मोठं झाड जांभ्याच्या उतारावर, पाणी न घालता, नुसत्या पावसावर उभं असतं आणि माती धरून ठेवतं. ती जागा विकली गेली की तिथे जेसीबी येतो. आमच्या गावच्या वाटेवर मी हे होताना पाहिलं आहे. पर्यावरणस्नेही खरेदी म्हणजे कापडी पिशवी, एवढ्यावर जे थांबतात त्यांनी एकदा तो लाल, उघडा उतार येऊन बघावा.

बाहेरची बी फोडणारा कारखानदार वाईट, असं मात्र मला म्हणायचं नाही. इथली बी काही महिन्यांत संपते, आणि नंतर गावातल्या बायकांच्या हाताला काम राहतं ते त्या पोत्यांमुळेच. तो काजू घेतलात तर मजुरी इथे राहते, हे मोलाचंच आहे. पण बागेला त्यातलं काही मिळत नाही. कशाचे पैसे कुणाला जातात ते कळून घ्या, इतकंच म्हणणं. आणि हो, आजरा-चंदगडचा काजू घाटावरचा असला तरी पिकतो तिथेच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता ओळखायचं कसं? आकारावरून तर मुळीच नाही. "मोठा दाणा म्हणजे कोकणी" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींचा गर मोठा असतो, पण जुन्या गावठी झाडाचा बारीक असतो आणि मला तोच गोड लागतो. डब्ल्यू १८०, डब्ल्यू ३२० हे आकडे म्हणजे एका पौंडात साधारण किती दाणे बसतात तेवढंच. त्यात गावाचा काही संबंध नाही.

त्यापेक्षा हिशेब करा. साधारण ४ किलो बीमधून १ किलो गर निघतो. समजा बी १५० रुपये किलो असली, तर नुसत्या बीचेच ६०० रुपये झाले, त्यावर फोडणावळ, सालं काढणं, पॅकिंग. तुम्ही आलात तेव्हाचा बीचा भाव कुठल्याही शेतकऱ्याला विचारा आणि चारनं गुणा. त्या रकमेच्याही खाली कुणी "घरच्या बागेतला" काजू देत असेल तर तो घरच्या बागेतला नाही. वेंगुर्ला काजूलाही भौगोलिक मानांकन आहे, पाकिटावर ती खूण दिसली तर उत्तमच.

शंकाच नको असेल तर हंगामात ओले काजू घ्या. बाजारात बायका हाताला राख चोळून, चीक सांभाळत ते सोलतात. ते जहाजानं येत नाहीत.

फोडण्याआधी बी वाफवलेली की भाजलेली, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. फोडणारीच्या हातांना आणि छातीला वाफवण्याची पद्धत बरी, एवढं पुरे. पेरीपेरी आणि चीजवाल्या पाकिटांना मी हात लावत नाही, कारण मसाल्याखाली शिळा गरही खपतो. मीठ लावून सालीसकट भाजलेला घ्या, त्यात लपवायला जागा नसते. आणि उसळीला, वाटणाला अख्खा काजू कशाला हवा? पाकळी, म्हणजे दुभंगलेला काजू, मागा. हातानं फोडणाऱ्या लहान उद्योगांकडे पाकळी आणि तुकडा साठून राहतो, कारण पाहुण्यांना सगळा अख्खाच लागतो. चव तीच, पैसे कमी, आणि त्या बाईचा माल निघतो.

मी स्वतः घेते ते एका लहान दुकानातून. पहिल्यांदा "बी कुठची?" विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, मेपर्यंत आमची. गणपतीनंतर बाहेरची मिसळते." तेव्हापासून वर्षाचा काजू मी मे संपायच्या आत भरते, पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट लावून.