वसाहतीतली भिंतचित्रं (तरुण पोरांचा सामूहिक कला उपक्रम)

म्हाडा, महापालिका किंवा सरकारी खात्यानं बांधलेल्या वसाहतीतली पोरंपोरी एखाद्या चित्रकाराला सोबत घेऊन आपल्याच बिल्डिंगची भिंत नाहीतर जिना रंगवतात, त्याला सामूहिक कला उपक्रम म्हणतात. पथनाट्य, फोटोग्राफी, मातीकाम पण यात येतं, पण भिंत सगळ्यांना दिसते म्हणून तिचंच नाव जास्त. भिंतीवर काय काढायचं हे पोरांनी ठरवलं पाहिजे, बाहेरचा आर्टिस्ट येऊन देखणं चित्र काढून गेला आणि पोरं नुसती बादल्या धरून उभी राहिली तर ती रंगरंगोटी झाली, उपक्रम नव्हे.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या पोरांच्याच हातात ब्रश देऊन काम सुरू झालं, त्यातनंच पुढं तिथला म्युरल आर्ट्स कार्यक्रम उभा राहिला. आपल्या देशात भिंतचित्रांसाठी दिल्लीची लोधी कॉलनी आणि चेन्नईचं कण्णगी नगर गाजलं.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते काय उगाच नाही. इथले चित्रकार आणि सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत, नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर नाटकाचे पडदे रंगवत रंगवत हात बसला, आणि वसाहतीतली पोरं शिकतात ती पण अशीच, कामावर. शिवाय इथं तालीम आणि तरुण मंडळं आहेतच. वर्गणी गोळा करणं, मांडव घालणं, रात्र रात्र जागून गणपतीचा देखावा उभा करणं हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही, त्यामुळं मंडळाला धरून केलेलं काम टिकतं असं माझं मत आहे.

खरी मेहनत चित्राच्या आधीची. पावसाळ्यात भिंतीला शेवाळ धरतं, म्हणून काम दिवाळीनंतरच काढायचं. आधी तारेच्या ब्रशनं भिंत खरवडायची, मग प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचा, सकाळी आतनं पाणी सुटलेलं दिसलं तर भिंतीत अजून ओल आहे, थांबायचं, नाहीतर पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात. मग प्राइमर. नंतर दोघांनी निळीत बुडवलेली सुतळी ताणून धरायची आणि तिसऱ्यानं मधनं ओढून सोडायची, सट्टकन सरळ रेघ उठते. अशा चौकटी भिंतीवर आणि तितक्याच वहीतल्या चित्रावर आखल्या की ते चित्र दुमजली भिंतीवर जातं. पंचगंगेच्या बाजूच्या वस्त्यांत २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं ते पोरांना बोटानं दाखवता येतं, चित्राचा विषय बऱ्याचदा तिथंच सापडतो.

पोरींना अंधार पडला की घरी जावं लागतं, तेव्हा काम दिवसाच ठेवावं. परांचीवर मोठी पोरं, खालचा तीन फुटांचा पट्टा बारक्यांना. उरलेले रंग डब्यावर नाव घालून तळमजल्यावर कुणाच्यातरी घरात ठेवतात, पाऊस संपला की डागडुजीला लागतात.