डबल इंडेम्निटी (चित्रपट) : कलावंत आणि तंत्रज्ञ

डबल इंडेम्निटी : पॅरामाउंट पिक्चर्स या अमेरिकन निर्मितिसंस्थेचा १९४४ सालचा कृष्णधवल गुन्हेपट. दिग्दर्शक बिली वाइल्डर. फिल्म न्वार, म्हणजे काळोख्या, निराश सुराच्या गुन्हेपटांचा जो प्रकार, त्याचा नमुना कोणता, असे विचारले की बहुतेक अभ्यासक आधी याच चित्रपटाचे नाव घेतात. वॉल्टर नेफ हा लॉस एंजेलिसमधला विमा एजंट मोटारीच्या पॉलिसीचे नूतनीकरण करून घ्यायला एका घरी जातो आणि घरमालकाची बायको फिलिस डिट्रिक्सन हिच्या नादी लागतो. नवऱ्याला पत्ता लागू न देता दोघे त्याचा अपघात विमा उतरवतात आणि त्याचा खून करतात. मृत्यू रेल्वेच्या अपघातात झाला, असे दाखवता आले तर ५० हजारांऐवजी १ लाख डॉलर मिळणार असतात; ही दुप्पट भरपाई म्हणजेच ‘डबल इंडेम्निटी’. ते देण्याआधी दावा तपासणारा बार्टन कीज हा नेफचाच सहकारी आणि जिवाभावाचा मित्र असतो.

आज अभिजात ठरलेल्या या चित्रपटाच्या घडणीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. यातल्या बहुतेक महत्त्वाच्या माणसांना हे काम सुरुवातीला नको होते. कोणाला कथा हीन वाटली, कोणाला आपल्या प्रतिमेची काळजी होती, तर कोणाला सोबत काम करणारा माणूसच सोसत नव्हता. चित्रपटाला आलेली धार या ओढाताणीतून आली आहे, आणि म्हणूनच त्यामागच्या माणसांचा वृत्तान्त स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे.

मूळ कथा जेम्स एम. केन यांची. १९२७ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर या स्त्रीने प्रियकर जड ग्रे याच्या मदतीने नवऱ्याचा खून केला होता. त्याआधी तिने नवऱ्याच्या नावाने दुप्पट भरपाईचे कलम असलेली पॉलिसी काढून ठेवली होती. जानेवारी १९२८ मध्ये दोघांनाही विद्युत् खुर्चीत देहान्त शासन झाले. वृत्तपत्रांनी उचलून धरलेल्या या प्रकरणावरून केन यांना कथाबीज मिळाले. हस्तलिखित १९३५ मध्ये हॉलिवुडच्या स्टुडिओंमध्ये फिरले आणि अनेकांना ते हवेही होते. पण चित्रपटांची आचारसंहिता राबवणारे जोसेफ ब्रीन यांनी ही कथा पडद्यावर येणे अजिबात योग्य नाही, असे कडक पत्र लिहिले आणि सगळे मागे हटले. १९३६ मध्ये ती ‘लिबर्टी’ साप्ताहिकात क्रमशः आली आणि १९४३ मध्ये केन यांच्या एका संग्रहात छापली गेली. तेव्हा पॅरामाउंटचे जोसेफ सिस्ट्रॉम यांनी ती वाचली, वाइल्डर यांच्याकडे दिली, आणि स्टुडिओने १५ हजार डॉलरला हक्क घेतले. ब्रीन यांनी जुनेच पत्र पुन्हा धाडले. या खेपेला मात्र पटकथा हातात पडल्यावर त्यांचे कार्यालय किरकोळ हरकतींवर थांबले. त्यांतली एक हरकत नायिकेच्या पहिल्या प्रवेशातला टॉवेल किती लांब असावा याबद्दल होती.

वाइल्डर यांचा जन्म १९०६ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या आणि आता पोलंडमध्ये असलेल्या सुखा गावचा. व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये वार्ताहर म्हणून काम करून ते पटकथालेखनाकडे वळले. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांनी बर्लिन सोडले आणि पॅरिसमार्गे पुढच्या वर्षी हॉलिवुड गाठले. या चित्रपटाच्या वेळी अमेरिकेत दिग्दर्शक म्हणून त्यांच्या खाती दोनच चित्रपट जमा होते. त्यांचे नेहमीचे सहलेखक चार्ल्स ब्रॅकेट यांना ही कथा इतकी ओंगळ वाटली की त्यांनी यातून अंग काढून घेतले. केन दुसऱ्या स्टुडिओत गुंतलेले होते. मग सिस्ट्रॉम यांनी रेमंड चँडलर यांचे नाव सुचवले.

चँडलर तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. तेलकंपनीतली मोठ्या पगाराची नोकरी गेल्यानंतर ते उतारवयात रहस्यकथांकडे वळले होते आणि पटकथा म्हणजे काय याची त्यांना कल्पना नव्हती. वाइल्डर यांच्या खोलीत दोघे रोज बसत. वाइल्डर वयाने अठरा वर्षांनी लहान. खोलीत येरझाऱ्या घालायचे, हातातली छडी फिरवायचे, मध्येच फोनवर मैत्रिणींशी बोलायचे. चँडलर यांना हे असह्य झाले. एके दिवशी ते आलेच नाहीत. तक्रारींची लेखी यादी देऊन, वाइल्डर यांनी वागणूक सुधारली तरच येईन, असे त्यांनी कळवले. वाइल्डर यांनी माफी मागितली आणि काम पुढे सुरू झाले. या कामाने आपले आयुष्य कमी केले असावे, असे चँडलर यांनी पुढे एका पत्रात लिहिले. त्याच पत्रात, पटकथालेखनाचे जे काही शिकलो ते याच काळात, असेही कबूल केले.

या भांडकुदळ भागीदारीतून जे निघाले ते केन यांच्या कथेपेक्षा सरस आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाइल्डर यांना मूळ कादंबरीतले संवाद जसेच्या तसे घ्यायचे होते. चँडलर यांचे म्हणणे पडले की ते डोळ्यांनी वाचायला चांगले आहेत, कानाला लागणार नाहीत. नटांकडून ते म्हणवून घेतले तेव्हा चँडलर यांचेच खरे ठरले. फिलिस आणि नेफ यांची पहिली भेट पाहावी. बोलणे वेगमर्यादेबद्दल चालते. ती म्हणते, या राज्यात ताशी ४५ मैलांचे बंधन आहे. तो विचारतो, मी किती वेगाने चाललो होतो. ती सांगते, नव्वद. उघड असे काहीच कोणी बोलत नाही, आणि आचारसंहितेला बोट ठेवायला जागाही उरत नाही. घटना सांगण्याची रीतही पटकथेने बदलली. जखमी नेफ रात्री कार्यालयात येऊन कीजसाठी डिक्टाफोनवर (आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्रावर) कबुलीजबाब सांगतो, त्यामुळे खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच कळते. मुख्य म्हणजे कीज ही व्यक्तिरेखा दोघांनी पुष्कळ वाढवली आणि प्रेमकथेइतकेच वजन दोन पुरुषांच्या मैत्रीला दिले. केन यांनीही या बदलांची मोकळेपणाने वाखाणणी केली. चँडलर स्वतः चित्रपटात क्षणभर दिसतात: नेफ कीजच्या खोलीतून बाहेर पडतो तेव्हा बाहेरच्या खुर्चीत वाचत बसलेला चश्मेवाला माणूस तेच आहेत. ही गोष्ट कित्येक दशके कोणाच्या ध्यानात आली नाही.

नेफच्या भूमिकेसाठी वाइल्डर यांना अनेक नटांचे उंबरे झिजवावे लागले. शेवटी ते फ्रेड मॅकमरे यांच्याकडे गेले. मॅकमरे मूळचे सॅक्सोफोनवादक. हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटांतला सज्जन नायक ही त्यांची ओळख. आपल्याला खरा अभिनय येतच नाही, असे ते स्वतः सांगत होते आणि स्टुडिओ आपल्याला ही भूमिका करू देणार नाही, अशी त्यांची खात्री होती. वाइल्डर यांनी हेका सोडला नाही. ही निवड किती अचूक होती ते चित्रपट पाहताना कळते. नेफ जन्मजात गुन्हेगार वाटला असता तर कथा कोसळली असती. मॅकमरे यांचा मोकळा चेहरा आणि विक्रेत्याची सराईत बोली यांमुळे हा माणूस आपल्या शेजारचा वाटतो, आणि तो घसरत जातो तसतसे पाहणाऱ्याला अस्वस्थ व्हायला होते.

बार्बरा स्टॅनविक यांचे मूळ नाव रूबी स्टीव्हन्स. ब्रुकलिनमध्ये पोरकेपणात वाढलेली, कोरसमध्ये नाचून पुढे आलेली ही अभिनेत्री १९४४ मध्ये अमेरिकेतली सर्वाधिक कमाई असलेली स्त्री गणली जात होती. आजवर नायिका साकारल्यावर थंड डोक्याने खून करणारी बाई करायची या विचाराने त्या घाबरल्या. तुम्ही उंदीर आहात की अभिनेत्री, असे वाइल्डर यांनी विचारले. अभिनेत्री असावे, अशी आशा आहे, असे त्या म्हणाल्या आणि भूमिका स्वीकारली. डोक्यावरचा पिवळाधमक टोप वाइल्डर यांनी फिलिसचा सवंगपणा दिसावा म्हणून मुद्दाम निवडला होता; अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या केशरचनेकडे बोट दाखवत, स्टॅनविक यांना घेतले आणि मिळाला जॉर्ज वॉशिंग्टन, असे स्टुडिओप्रमुख बडी डिसिल्व्हा म्हणाले. पायातल्या पैंजणासकट सगळी वेशभूषा एडिथ हेड यांची. खुनाच्या प्रसंगात कॅमेरा खुनाकडे बघतच नाही. तो गाडी चालवणाऱ्या फिलिसच्या चेहऱ्यावर राहतो. शेजारी नवरा मरतो आहे आणि ती समोर रस्त्याकडे पाहते आहे. चेहऱ्यावर जवळजवळ काही हलत नाही, डोळ्यांत मात्र समाधान दाटत जाते. संवाद नसलेली ही काही सेकंदे स्टॅनविक यांच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम मानावीत.

कीज झालेले एडवर्ड जी. रॉबिन्सन जन्माने रुमानियाचे, बुखारेस्टमधले. १९३१ च्या ‘लिटल सीझर’पासून ते गुंडांच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध होते. श्रेयनामावलीत तिसऱ्या क्रमांकावर जायचे त्यांच्या जिवावर आले होते. पण वय वाढत होते, भूमिका चांगली होती आणि मानधन इतर दोघांइतकेच, म्हणजे १ लाख डॉलर होते. वरिष्ठ नॉर्टन (रिचर्ड गेन्स) डिट्रिक्सनचा मृत्यू आत्महत्या ठरवू पाहतो, तेव्हा कीज विमाशास्त्राच्या तक्त्यांतली आत्महत्यांची वर्गवारी एका दमात ऐकवतो: वंश, वर्ण, पेशा, ऋतू, विष, विषाचे प्रकार. एवढ्या कोरड्या मजकुराला रॉबिन्सन यांनी जी लय दिली आहे, ती या चित्रपटातली सर्वांत आनंदाची जागा आहे. बाकीच्यांत नवऱ्याच्या भूमिकेत टॉम पॉवर्स, सावत्र मुलगी लोलाच्या भूमिकेत जीन हेदर, तिचा प्रियकर म्हणून बायरन बार आणि रेल्वेतला साक्षीदार म्हणून पोर्टर हॉल आहेत. स्वतःचा ट्रक जाळून दावा करणारा गॉर्लोपिस फॉर्चुनियो बोनानोव्हा या स्पॅनिश गायक-नटाने रंगवला.

छायालेखक जॉन एफ. साइट्झ मूकपटांच्या काळापासूनचे. दुपारच्या उन्हातही डिट्रिक्सनच्या दिवाणखान्यात त्यांनी कोंदट काळोख ठेवला. खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यांतून येणारा प्रकाश नेफच्या अंगावर तुरुंगाच्या गजांसारखा पडतो, आणि त्या तिरिपीत धूळ तरंगताना दिसावी म्हणून अॅल्युमिनियमचा बारीक चुरा हवेत उडवला होता. पुढे असंख्य चित्रपटांनी ही प्रकाशयोजना उचलली. साइट्झ यांना ऑस्करची सात नामांकने मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. कला-दिग्दर्शन जर्मनीहून आलेले हान्स ड्रायर आणि हॅल परेरा यांचे. नेफच्या घराचे दार बाहेरच्या बाजूला उघडते, हे वास्तवाला धरून नाही. पण त्यामुळेच फिलिसला कीजपासून त्या दारामागे लपता येते. संकलक डोन हॅरिसन चित्रीकरणाच्या वेळीही हजर असत. कॅमेऱ्याची भाषा वाइल्डर त्यांच्याकडूनच शिकले.

चित्रीकरण २७ सप्टेंबर ते २४ नोव्हेंबर १९४३ या काळात झाले. खून उरकून दोघे निघतात आणि गाडी सुरूच होत नाही, हा प्रसंग पटकथेत नव्हता. वाइल्डर यांची स्वतःची गाडी अशीच अडली आणि ते धावत परत येऊन तो प्रसंग घेऊन मोकळे झाले. फिलिस किल्ली फिरवते, इंजिन घरघरून बंद पडते, पुन्हा तेच. आणि प्रेक्षक मनातल्या मनात खुन्यांची गाडी सुरू व्हावी अशी इच्छा करू लागतो. याउलट नेफला विषारी वायूच्या कोठडीत देहान्त शासन होते हा शेवट मोठा खर्च करून चित्रित केला आणि वाइल्डर यांनी तो काढून टाकला. नेफ आणि कीज यांच्यातला दाराजवळचा प्रसंग झाल्यावर सांगण्यासारखे काही उरत नाही, हे त्यांनी ओळखले.

पार्श्वसंगीत हंगेरियन संगीतकार मिक्लोश रोझा यांचे. पॅरामाउंटच्या संगीत विभागाच्या प्रमुखांना त्यातले कर्कश सूर मुळीच पटले नाहीत. हे चित्रपटात नव्हे, कार्नेगी हॉलमध्ये (न्यूयॉर्कच्या अभिजात संगीताच्या सभागृहात) शोभेल, असे त्यांनी सुनावले. डिसिल्व्हा यांनी मात्र नेमके त्याच गुणाचे कौतुक केले आणि संगीत वाचले.

न्यूयॉर्कमध्ये चित्रपट सप्टेंबर १९४४ मध्ये लागला. ऑस्करची सात नामांकने मिळाली, पुरस्कार एकही मिळाला नाही; त्या वर्षी ‘गोइंग माय वे’ने बाजी मारली. दुसरे महायुद्ध संपल्यावर अशा धाटणीचे अमेरिकन गुन्हेपट पॅरिसमध्ये एकदम पोहोचले आणि १९४६ मध्ये समीक्षक नीनो फ्रांक यांनी त्यांना फिल्म न्वार म्हटले, त्यांत हा एक होता. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. वाइल्डर यांनी मॅकमरे यांना १९६० च्या ‘द अपार्टमेंट’मध्ये पुन्हा खलभूमिका दिली. स्टॅनविक यांना १९८२ मध्ये मानद ऑस्कर मिळाले. रॉबिन्सन यांचे १९७३ मध्ये जाहीर झाले, पण समारंभाआधीच त्यांचे निधन झाले. मॅकमरे यांना नामांकनसुद्धा कधी मिळाले नाही.