इंदूरच्या कॅफेत स्वतःची गाणी गाताय? आयपीआरएसचं सदस्यत्व, कॉपीराइट आणि बाकीचे कागद

विजयनगर, पलासियाकडे ३०-४० खुर्च्या मांडून गिटारवर स्वतःची गाणी म्हणणारी मुलं-मुली आता बरीच दिसतात, आणि त्यातली आपल्या मराठी घरांतली पोरं मला मेसेज करून एकच विचारतात, ताई, गाणं माझंच आहे, मग मला कसला फॉर्म भरायचाय? गाणं तुमचंच आहे, पण ते लोकांसमोर वाजलं की त्याचे पैसे निघतात आणि ते तुमच्यापर्यंत यायला तुमचं नाव कुठेतरी नोंदलेलं लागतं. ही नोंद होते आयपीआरएसमध्ये, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. १९६९ पासूनची संस्था आहे, ऑफिस मुंबईत, २०१७ साली ती कॉपीराइट कायद्याखाली सोसायटी म्हणून पुन्हा नोंदली गेली. सगळं ऑनलाइन होतं, मुंबईला जायची गरज नाही.

सदस्य कोण होऊ शकतं तर गीतकार, संगीतकार आणि म्युझिक पब्लिशर. नुसता गायक नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. शब्द तुम्ही लिहिले असतील किंवा चाल तुम्ही लावली असेल तरच तुम्ही इथे बसता, दोन्ही केलं असेल तर दोन्ही म्हणून नोंद करा. फक्त गाता, गाणं दुसऱ्याचं आहे, तर गायकांच्या हक्कांसाठी इसाम्रा (आधीचं नाव इस्रा) नावाची वेगळी संस्था आहे, तिकडे जा. आणि तुकोबांच्या अभंगाला नवी चाल लावली असेल (आपल्याकडे हे खूप जण करतात आणि सुंदर करतात) तर शब्दांवर कोणाचाच कॉपीराइट नाही, पण चाल तुमची आहे, म्हणजे तुम्ही संगीतकार म्हणून अर्ज करायचा आणि गीतकाराच्या जागी स्वतःचं नाव अजिबात घालायचं नाही. नंतरच्या काळातल्या कवींची कविता असेल तर मात्र थांबा, कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो, त्यांची लेखी परवानगी हवीच.

कागद फार नाहीत. पॅन, आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, फोटो, कॅन्सल केलेला चेक आणि तुमच्या गाण्यांची यादी. अडतं ते नावावर. आपल्या घरांत वडिलांचं नाव मधे लावायची पद्धत, त्यामुळे पॅनवर तीन नावं, आधारवर दोन, बँकेत मधलं नुसतं अक्षर, आणि लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका, पॅन माहेरच्या नावाचं आणि पासबुक सासरच्या. अर्ज करायच्या आधी तिन्हीवर इंग्रजी स्पेलिंग एकसारखं आहे का ते बघा, नसेल तर आधी ते दुरुस्त करा, महिना गेला तरी चालेल. स्टेजवर वेगळं नाव लावत असाल तर तेही अर्जात टोपणनाव म्हणून द्या, नाहीतर पोस्टरवरचं नाव आणि रेकॉर्डमधलं नाव जुळत नाही.

सदस्य होताना एक असाइनमेंटचा करार सही करावा लागतो, तो न वाचता सही करू नका. त्यात तुम्ही तुमच्या गाण्यांच्या जाहीर सादरीकरणाचा हक्क सोसायटीकडे सोपवता, आत्ताच्या गाण्यांचा आणि पुढे होणाऱ्या गाण्यांचाही. म्हणजे उद्या कॅफेवाला म्हणाला की तू तुझीच गाणी म्हणतोयस, मग लायसन्स, म्हणजे गाणी जाहीरपणे वाजवायची परवानगी, कशाला, तर उत्तर असं की हक्क आता सोसायटीकडे आहे, लायसन्स आयोजकाने किंवा कॅफेने घ्यायचं. ते काम तुमचं नाही, पण तारीख पक्की करताना विचारून घ्या की लायसन्स घेतलंय का. मध्येच कोणीतरी जुन्या भावगीताची फर्माईश करतंच, ते म्हणायलाही तेच लायसन्स लागतं.

सदस्यत्व मिळालं की काम संपलं असं समजू नका, खरं काम इथून सुरू होतं. प्रत्येक गाणं वेगळं नोंदवायचं असतं, कोणाचे शब्द, कोणाची चाल, कोणाचा किती वाटा. आणि वाटा गाणं झाल्या झाल्या ठरवा. मी आणि माझा गिटारवाला मित्र, शो संपवून रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात उभे होतो, तिथेच त्याने डायरी काढली, एका हातात दोना, आणि लिहिलं: शब्द पूर्ण माझे, मुखड्याची चाल माझी, अंतऱ्याची त्याची, संगीतात ६०-४०. दोघांनी सह्या केल्या, तारीख घातली. त्या पानावर तेलाचा डाग आहे, पण त्याचा फोटो आम्ही दोघांनी एकमेकांना ईमेल केलाय, आणि आजवर एकदाही वाद नाही.

दुसऱ्या एका गाण्याच्या वेळी मी हे केलं नव्हतं. ज्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं त्यांनी गाणं ऑनलाइन टाकताना संगीतकार म्हणून स्टुडिओचंच नाव टाकलं, माझ्याकडे पुरावा म्हणून फोनमधली रेकॉर्डिंगं आणि चॅट, बस, आणि ते नाव बदलून घ्यायला कित्येक महिने गेले. तेव्हापासून सांगते, जी दोन-चार गाणी तुमची ओळख आहेत त्यांचं तरी कॉपीराइट रजिस्ट्रेशन करून ठेवा. ते सक्तीचं नाही, गाणं तयार झालं त्याच क्षणी हक्क तुमचा असतो, पण भांडण कोर्टात गेलं तर नोंदणी हा पहिला पुरावा धरला जातो. कॉपीराइट ऑफिसच्या पोर्टलवर फॉर्म १४ भरायचा. शब्द हे साहित्य आणि चाल हे संगीत, कायद्याने दोन वेगळ्या कृती, त्यामुळे प्रत्येकी ५०० रुपये, रेकॉर्डिंगचं वेगळं करायचं तर २,००० रुपये. चालीसाठी स्वरलिपी लिहून द्या, येत नसेल तर शिकलेल्या कोणाकडून लिहून घ्या, ओळखीत एखादी हार्मोनियम शिकवणारी काकू निघतेच. डायरी नंबर मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, त्यानंतर तपासणी. त्रुटीचं पत्र आलं तर मुदतीत उत्तर द्या, म्हणून मेल बघत राहा.

कोणी लेबलवाला, म्हणजे गाणी बाजारात आणणाऱ्या कंपनीचा माणूस, करार घेऊन आला तर एक गोष्ट ठाम सांगा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कराराने सोडून देता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. एकरकमी घे आणि सगळे हक्क सोड असं लिहिलेला कागद पुढे आला तर आधी जाणकाराला दाखवा.

जागेच्या परवानग्या कॅफेने बघायच्या, पण तुम्हाला माहीत असाव्यात. स्पीकर लावायला लेखी परवानगी लागते, आपल्याकडे मध्य प्रदेशात १९८५ चा कोलाहल नियंत्रण कायदाही आहे, आणि डिसेंबर २०२१ पासून इंदूरला पोलीस कमिशनरेट आहे, तेव्हा कॅफे ज्या ठाण्याच्या हद्दीत येतो तिथून सुरुवात करायला सांगा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर नाही. गच्चीवरचा कॅफे म्हणजे उघड्यावरच, म्हणून सेट साडेनऊला संपेल असाच बांधा, पहिलं गाणं आठला सुरू करा. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावर जीएसटी नाही.

मानधनाचं बिल द्या, पॅन लिहून. एकाच कंपनीकडून वर्षात ५०,००० च्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस कापतात, तो रिटर्न भरताना हिशोबात येतो, म्हणून रिटर्न भराच. जीएसटी नंबर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत लागत नाही. शास्त्रीय आणि लोककलेच्या कलाकारांना दीड लाखापर्यंतच्या मानधनावर वेगळी सूट आहे, तुमचं गिटारवरचं गाणं त्यात धरलं जाणार नाही.

आणि शो संपला की त्याच रात्री गाण्यांची यादी करा. जागा, तारीख, आयोजकाचं नाव आणि प्रत्येक गाणं ज्या स्पेलिंगने नोंदवलंय त्याच स्पेलिंगने. आपल्या शब्दांचं इंग्रजी स्पेलिंग म्हणजे मोठी डोकेदुखी, पाऊस एकाने एक यू टाकून लिहिला, दुसऱ्याने दोन ओ टाकून, ळ चं तर प्रत्येकाचं वेगळंच, आणि यादीतलं नाव नोंदीशी जुळलं नाही तर ते गाणं तुमचं म्हणून ओळखलं जात नाही. मी गिटारच्या केसमध्ये एक कागद चिकटवून ठेवलाय, त्यावर सगळ्या गाण्यांची नोंदवलेली नावं, केस बंद करायच्या आधी तिथून बघून यादी लिहिते, आयोजकाला पाठवते आणि एक प्रत स्वतःकडे ठेवते.