ठेच आणि अढी

"मला फार ठेच लागली, म्हणून मी आता चर्चला येत नाही." मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हे वाक्य फार ऐकू येतं. पाळक घरभेटीला गेले की त्यांना ऐकावं लागतं, महिला मंडळाच्या बायकांना ऐकावं लागतं. कुणाचं नाव नाताळच्या आभारप्रदर्शनात राहून गेलेलं असतं. कुणाच्या घरच्या मयतीला कमिटीचं एकही माणूस फिरकलेलं नसतं. कुणावर भर सभेत पैशांचा आळ घेतलेला असतो. वाक्य मात्र सगळ्यांचं एकच.

या वाक्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. एक ठेच, दुसरी अढी. आपल्या भाषेनं त्यांची क्रियापदं वेगळी ठेवली आहेत. ठेच लागते. अढी आपण धरतो. लागलेली ठेच हा आपला दोष नसतो. धरलेली अढी आपल्या मुठीत असते, आणि मूठ वळलेली असेल तर त्या हातात देवसुद्धा काही ठेवू शकत नाही. हा फरक मला पुस्तकातून कळला नाही, म्हणून आधी माझंच सांगतो.

आमच्या मंडळीत मी एकोणीस वर्षं बाजाची पेटी वाजवली. एका रविवारी आत शिरलो तर पेटीच्या जागी कीबोर्ड मांडलेला, समोर दोन तरुण पोरं, आणि पेटी कोपऱ्यात कापडाखाली. मला कुणी आधी काही बोललं नव्हतं. मी तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो. तोंडावर हसू ठेवलं, गाणं मात्र म्हटलं नाही. छातीत जे झालं ती ठेच होती आणि ती खरी होती. इतक्या वर्षांच्या माणसाला एका शब्दानं विचारायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो.

पण पुढचे अकरा महिने जे चाललं, ते दुसरंच होतं. मी शेवटच्या बाकावर बसू लागलो. कुठल्या गीताला ताल सुटला, कोणतं कडवं गाळलं, हे माझ्या डोक्यात बरोब्बर नोंदलं जाई. घरी जेवताना बायकोनं विचारलं, "आज उपदेश कशावर होता?" तर मला सांगता येईना. शास्त्रपाठ कुठला होता, तेही आठवेना. कीबोर्डवाल्यानं तिसऱ्या गीतात सूर कुठे चुकवला, ते मात्र पाठ होतं.

नव्या करारात अशा ठेचेसाठी जो ग्रीक शब्द आहे, तो 'स्कँडलॉन'. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्याला 'अडखळण' म्हटलं आहे. मुळात तो सापळ्यातला शब्द आहे. जनावरानं हात लावताच सापळा मिटतो, ती आमिष लावलेली काडी म्हणजे स्कँडलॉन. उंदराच्या पिंजऱ्यातली भजी अडकवायची तार डोळ्यांपुढे आणा. तार आपण होऊन कुणाला पकडत नाही. भजी ओढली की दार पडतं. अपमानाचंही तसंच आहे. तो आपल्यापुढे येतोच. अडखळणी आल्यावाचून राहणार नाहीत असं येशूनं स्वतःच सांगितलं, आणि ज्याच्यामुळे त्या येतात त्याची धडगत नाही असंही त्याच दमात बजावलं. म्हणजे तार लावणाऱ्याचा गुन्हा माफ झालेला नाही. तरी भजी ओढायची की नाही, हे उंदराच्या हातात उरतं.

अढी आत्मिक जीवनाला नेमकी कुठे अडवते, ते पाहायला नासरेथला जावं. येशू आपल्या गावच्या सभास्थानात शिकवतो. लोक थक्क होतात, आणि लगेच म्हणतात, हा तर सुताराचा मुलगा, याच्या बहिणी इथेच आपल्यात राहतात. शुभवर्तमान लिहिणारे मत्तय आणि मार्क दोघेही इथे त्याच शब्दाचं क्रियापद वापरतात: ते त्याच्याविषयी अडखळले. त्यानं त्यांचं काहीएक वाकडं केलं नव्हतं. आपल्यातलाच एक जण वर गेला, एवढंच त्यांना खुपलं. मार्क पुढे लिहितो की थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरं करण्यापलीकडे त्याला तिथे काही महत्कृत्य करता आलं नाही. देव त्यांच्या अंगणात उभा होता, आणि त्यांची नजर त्याच्या घराण्यावर अडली होती.

थोरल्या भावाचं दुखणं याहून खोल आहे. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा बापाची मालमत्ता उधळून परत येतो, घरात वाजंत्री चालू असते, आणि थोरला दाराबाहेर उभा राहतो. त्याची तक्रार नीट ऐकली तर तिच्यात तथ्य दिसतं. इतकी वर्षं राबलो, मला कधी करडूही मिळालं नाही. ही ठेच. पण बापाशी बोलताना तो धाकट्याला 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. ही अढी. नातं एका सर्वनामात तुटलेलं दिसतं. मंडळीतही असंच कळतं. काल 'आपली कमिटी' म्हणणारा माणूस आज 'तुमची कमिटी' म्हणू लागला, की समजावं.

जुन्या संन्याशांनी हे फार बारकाईनं पाहिलं होतं. 4थ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला इव्हाग्रियस प्रार्थनेवर लिहिताना म्हणतो, मनात राग साठवून प्रार्थना करणारा माणूस पाणी शेंदून भोकं पडलेल्या पिंपात ओततो. मेहनत होते, पिंप कोरडंच. 5व्या शतकातला जॉन कॅशियन तर आपल्या घराघरांत डोकावल्यासारखा लिहितो. काही भाऊ रागावले की तोंडातून अक्षर काढत नाहीत, आणि आपण काही बोललो नाही म्हणून निर्दोष असं समजतात. पण त्यांचं ते मौन शिवीपेक्षा जास्त डिवचतं. एरवी दुपारपर्यंत भूक न आवरणारे हेच लोक रुसले की दोन दोन दिवस उपाशी राहू शकतात. अबोला आणि अन्नावरचा राग, दोन्ही त्यानं आश्रमात पाहिले होते. 6व्या शतकात बेनेडिक्टनं आश्रमाचे नियम लिहिले, त्यात सकाळ-संध्याकाळच्या उपासनेच्या शेवटी आश्रमाच्या प्रमुखानं, जिच्यात क्षमेची मागणी आहे ती प्रभूची प्रार्थना सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणावी, असं घातलं. कारणही दिलं: एकत्र राहणाऱ्यांत अडखळणीचे काटे उगवतात, म्हणून. दिवसातून दोनदा काटे काढायचे. महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, आदल्या रात्री घाईघाईनं काढायचं हे काम नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. अढीवर बोलणारे आपले बहुतेक उपदेश इथे चुकतात. 'ऑफेन्स घेऊ नका, क्षमा करा, विषय सोडून द्या' एवढं सांगून मोकळे होतात. मग ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला, त्यालाच अढी धरणारा ठरवलं जातं. एका मंडळीत मी पाहिलं आहे. बांधकाम फंडाच्या पावत्या जुळत नव्हत्या, आणि खजिनदार बाईंनी सभेत सरळ प्रश्न विचारला. उत्तर काय मिळालं? "बाई, तुमच्या मनात कडूपणा आहे, आधी तो काढा." बाई खाली बसल्या. पावत्या काही मिळाल्या नाहीत. त्या दिवशी देवाचं वचन तोंड बंद करायला वापरलं गेलं, आणि तसं ते वापरणं मला पाप वाटतं.

शास्त्र असं वागत नाही. महायाजकापुढे एक शिपाई येशूला चपराक मारतो, तेव्हा येशू गप्प बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं विचारतो. फिलिप्पैमध्ये प्रेषित पौलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकतात. सकाळी अधिकारी गुपचूप सोडून द्यायला निघतात, तर पौल म्हणतो, आम्ही रोमी नागरिक आहोत, चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या. ते येतात, विनवण्या करतात. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबरच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबरच्या, पंक्तीतून हळूच उठू लागला, तेव्हा पौलानं त्याला तोंडावर अडवलं. यातला एकही अढी धरणारा नव्हता. आणि स्तोत्र 55 मधली कळ तर मंडळीतल्या माणसाचीच आहे: निंदा करणारा वैरी असता तर सोसलं असतं, पण तू माझा जिवलग, आपण देवाच्या मंदिरात बरोबर जायचो. ही कळ देवापुढे मोठ्यानं मांडली आहे आणि ती पवित्र शास्त्रात जपून ठेवली आहे. दुखलं म्हणणं हे अविश्वासाचं लक्षण असतं, तर ही स्तोत्रं आपल्या हातात आलीच नसती. ज्या घरात मारहाण होते, ज्या मुलाला कुणी मोठ्यानं छळलं, तिथे तर 'अढी सोड' हे शब्द उच्चारूच नयेत. तिथे आधी संरक्षण, आणि गरज पडली तर पोलीस.

मग ओळखायचं कसं? मी पाहतो ते बोलणं कुठल्या दिशेनं जातं ते. ठेच लागलेला माणूस ज्यानं लावली त्याच्याकडे जायला निघतो. घाबरत जाईल, रडत जाईल, कदाचित ओरडेलही, पण त्याच्याचकडे. अढी त्याला वळसा घालून बाकी सगळ्यांच्या घरी जाते. मत्तयाच्या 18व्या अध्यायात येशूनं पहिली पायरी हीच सांगितली: भावानं अपराध केला तर जा, दोघेच असताना त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. आपल्याकडे बहुधा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात होते, आणि हल्ली तीही व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, नाव न घेता, एखादं वचन टाकून.

दुसरी खूण हिशेबाची. त्याच अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला आपण बहुतेक अर्धाच सांगतो. राजानं त्या चाकराला सोडलेलं कर्ज 10,000 तलांत. एका तलांताचे सुमारे 6,000 दीनार धरले तर हे 6 कोटी दीनार होतात. त्याच चाकरानं आपल्या सोबत्याला न सोडलेलं कर्ज 100 दीनार. उपदेशक म्हणतात, बघा, 100 म्हणजे काहीच नाही. थांबा. एक दीनार म्हणजे शेतमजुराची दिवसाची मजुरी. 100 दीनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त घाम. येशूनं त्या चाकराचं नुकसान शून्य धरलेलं नाही. ठेचेची किंमत त्यानं लिहून ठेवली, आणि मगच ती 6 कोटींच्या शेजारी मांडली. क्षमा म्हणजे काही झालंच नाही असं म्हणणं, अशी आपली समजूत असते. इथे तर रक्कम आधी मोजली जाते, मग सोडली जाते. अढीही मोजतेच, पण वही मिटत नाही. 'प्रीती अपकार स्मरत नाही' हे आपण पाठ म्हणतो, तिथे मूळ शब्द हिशेबाच्या वहीत नोंद करण्याचा आहे. माझी अकरा महिन्यांची चुकलेल्या सुरांची यादी ही तीच वही होती.

ठेचेनंतर दोन माणसं पुन्हा एकत्र काम करतीलच, असंही नाही. आधीच्या प्रवासात अर्ध्यावर सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा बरोबर न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हे लिहून ठेवणाऱ्या लूकानं ते झाकलं नाही. पण पुढे पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. वाटा वेगळ्या झाल्या, पण मार्काच्या नावापुढे 'सोडून गेलेला' हा शिक्का कायमचा राहिला नाही.

माझी वही एका प्रभुभोजनाच्या रविवारी अडली. सगळे उभे राहून म्हणत होते, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे..." आणि मला 'सोडले आहे' हे दोन शब्द म्हणता येईनात. 'सोडू' असतं तर म्हणून टाकलं असतं. मी त्या दिवशी भाकर घेतली नाही. दुपारी त्या कीबोर्डवाल्या मुलाच्या घरी गेलो. चहा ठेवेपर्यंतही दम निघाला नाही, दारातच म्हणालो, "मला विचारलं नाहीत, ते फार लागलं." पोरगं गांगरलं. म्हणालं, "काका, तुमचा गुडघा दुखतो, खाली बसून वाजवायला त्रास होतो असं आई म्हणाली होती. म्हणून आम्हीच..." मग थोडं थांबून म्हणालं, "पण विचारायला हवं होतं."

गुडघा तेव्हा खरंच दुखत होता.

पेटी आता महिन्यातून एकदा निघते, जुन्या गीतांच्या रविवारी. बाकीचे रविवार कीबोर्डचे. अजूनही कधी पोरं सूर इतका वर धरतात की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या अंतऱ्याला गप्प होतात, आणि मला टोचतं. मग उपासना सुटल्यावर दाराशी चपला घालताना मी त्यालाच गाठतो आणि म्हणतो, "बाळा, आज एक पट्टी खाली घ्यायला हवी होती."