नळी गोळीच्या मापाची

पेंटबॉल या खेळाचा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, घेतला की बहुतेक खेळाडूंचा पुढचा खर्च ठरलेला असतो: नवी बॅरल, म्हणजे नळी. मार्करसोबत आलेली नळी आखूड आणि ओबडधोबड वाटते. बाहेर मिळणारी लांब, चकचकीत असते, आणि तिने नेम सुधारतो असं प्रत्येक जण सांगतो. ही समजूत कुठून आली हे पाहायला गेलं तर नळीपेक्षा गोळीचाच इतिहास जास्त सापडतो.

पेंटबॉलची बंदूक जन्मली ती झाडांसाठी. तोडायच्या झाडांवर दुरूनच रंगाची खूण करता यावी म्हणून मिशिगनच्या नेल्सन पेंट कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेझी या एअरगन कंपनीकडून नेलस्पॉट ००७ हे पिस्तूल करून घेतलं. गुराढोरांवर खुणा करायलाही ते वापरत. रंग भरलेल्या गोळ्या आल्या आर. पी. शेरर या कंपनीकडून, आणि ही कंपनी मुळात औषधांच्या जिलेटिन कॅप्सूल बनवणारी. पुढची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघाली. जिलेटिन दमट हवेत ओल धरून फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. गोळी दोन अर्ध्या भागांची असल्याने तिच्यावर शिवण असते, आणि ती कधीच पुरती गोल नसते. कागदावर माप ०.६८ इंच, म्हणजे साधारण १७.३ मिलिमीटर, प्रत्यक्षात एका खोक्यातली गोळी दुसऱ्या खोक्यातल्या गोळीशी जुळत नाही.

२७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे बारा जणांनी याच पिस्तुलांनी पहिला सामना खेळला. जिंकला तो रिची व्हाइट हा जंगलात काम करणारा माणूस, तोही एकही गोळी न झाडता, झाडीतून लपतछपत झेंडे गोळा करून. मला ही हकीकत फार आवडते, कारण त्या दिवशी बॅरलच्या अचूकतेचा प्रश्नच आला नाही. तो आला नंतर, स्पर्धा सुरू झाल्यावर. दूरवरचा गडी टिपायचा म्हटल्यावर लोकांनी नळीकडे पाहायला सुरुवात केली.

पहिला मोह रायफलचा होता: नळी लांब करा, आत पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा, पाडा. शिशाच्या गोळीला पीळ स्थिर करतो, मग हिलाही करील, असा तर्क. पण पेंटबॉलच्या पोटात द्रव असतो. कवच फिरू लागलं तरी आतला रंग लगेच त्याच्याबरोबर फिरत नाही. शिवाय बंदुकीची लांबट गोळी हवेत उलटीपालटी होऊ नये म्हणून तिला फिरकी लागते. चेंडूसारख्या गोल वस्तूला टोकच नसतं. पिळाच्या नळ्या आजही विकल्या जातात, पण त्यासाठी जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. फिरकीचा खरा उपयोग टिपमन कंपनीच्या फ्लॅटलाइन नळीने केला. ही नळी किंचित वाकडी असल्याने गोळीला उलटी फिरकी मिळते आणि ती जरा दूरवर सपाट जाते.

लांबीचंही तसंच. हवेचा मुख्य रेटा नळीच्या सुरुवातीच्या भागातच लागून जातो. पुढची लांबी मुख्यतः आवाज कमी करायला, आडोशातून नळी बाहेर काढायला आणि नेम धरताना नजरेला उपयोगी पडते. पुढच्या भागात छिद्रं पाडलेली असतात ती दाब हळूहळू सुटावा आणि आवाज मवाळ व्हावा म्हणून. स्मार्ट पार्ट्स या कंपनीच्या ऑल अमेरिकन बॅरलची सर्पिल छिद्रं गाजली. मात्र छिद्रं फार मागून सुरू झाली, तर तेवढ्याच वेगासाठी हवा जास्त खर्च होते.

नळ्यांची वेगळी बाजारपेठ वाढली ती आट्यांमुळे, म्हणजे नळी मार्करमध्ये फिरवून बसवायच्या पेचांमुळे. ऑटोकॉकर मार्करचे आटे इतर अनेकांनी स्वीकारले आणि एकच नळी वेगवेगळ्या मार्करवर बसू लागली. त्यानंतर, २००० च्या आसपास, स्मार्ट पार्ट्सने फ्रीक ही नळी आणली. तिच्या मागच्या भागात पातळ नळकांड्या, म्हणजे इन्सर्ट, बदलता येतात. मापं साधारण ०.६७९ पासून ०.६९५ इंचापर्यंत. दोन शेजारच्या मापांत केसाएवढाच फरक. माझ्या मते नळीच्या इतिहासातली सगळ्यांत शहाणी कल्पना हीच, कारण गोळी बदलत राहणार हे तिने मान्य केलं.

मापाची परीक्षा तेव्हापासून तीच आहे. त्या दिवशीची गोळी इन्सर्टमध्ये टाकायची. आपोआप घरंगळून बाहेर पडली तर नळी सैल. जिथल्या तिथे अडकली आणि हलक्या फुंकरीने सुटली तर माप जुळलं. जोर लावून फुंकावं लागलं तर घट्ट. सैल नळीत गोळीच्या कडेने हवा निसटते, ती किती निसटेल याचा नेम नसतो, म्हणून वेग वरखाली होतो. मागाहून मुद्दाम घट्ट माप घेण्याची पद्धतही रूढ झाली. तिने हवा वाचते आणि वेग एकसारखा राहतो, पण ठिसूळ गोळ्या नळीतच फुटू शकतात.

माप बदललं की वेगही बदलतो. मैदानांवर सर्वसाधारण मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर असते. काही ठिकाणी त्याहून कमी. सैल इन्सर्टवर वेग बेतलेला मार्कर घट्ट इन्सर्ट बसवताच ही मर्यादा ओलांडू शकतो. म्हणून इन्सर्ट बदलला की खेळात उतरण्याआधी क्रोनोग्राफ या गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर पुन्हा दहा-बारा गोळ्या झाडून पाहायच्या, आणि आकडा वर गेला असेल तर वेग उतरवूनच आत जायचं.